जागा होती

बुकिंग करताना मी चार प्रश्न विचारले होते. रात्रभर वीज मिळेल का? पाण्याची टाकी भरून मिळेल का? टॉयलेट स्वच्छ आहे का? आणि कुत्रा चालेल का? चारही उत्तरं ‘हो सर’ अशी आली. कुत्र्याचे पाचशे रुपये जास्त.

गेल्या डिसेंबरात मी आणि माझे दोन मित्र भाड्याची कॅराव्हॅन घेऊन पुण्याजवळच्या कासारसाई धरणाकडे गेलो होतो. कॅराव्हॅन म्हणजे आतून घर केलेली मोठी गाडी: झोपायला बाकं, चहापुरता ओटा, छोटा फ्रीज, छतावर सोलर. हिंजवडीत ज्या इमारतीत मी कोड लिहितो तिथून हे सगळं इतकं जवळ आहे, की ट्रॅफिक नसेल तर शुक्रवारचं स्टँडअप संपवून सूर्यास्ताला पोचता येतं. सोबत खारी होती. खारी म्हणजे माझी कुत्री. ऑफिसमागच्या टपरीवर लोकांनी चहात बुडवून टाकलेली खारी खाऊन मोठी झाली, म्हणून हे नाव. तीन वर्षांपासून ती माझ्या फ्लॅटवर राहते.

संध्याकाळी आम्ही खुर्च्या मांडून बसलो होतो. गाडीची वायर खांबावरच्या पॉइंटला लावली होती, पाइपने टाकी भरून झाली होती. तेवढ्यात कॅम्पच्या फाटकाशी एक बाई आली. डोक्यावर एक घागर, कमरेला एक. वॉचमनला म्हणाली, “दादा, दोन घागरी भरू द्या की. आज टँकर आला न्हाई.”

“इथं पाहुणे उतरलेत. इकडं यायचं नाही, सांगितलंय ना?”

“लेकरू तापलंय दादा.”

“मालकांना विचारा.”

मालक तिथे नव्हते. बाई थोडी थांबली आणि परत गेली. मला तिचं गाव विचारायची गरज नव्हती. ‘न्हाई’ मधला तो हेल मी आईच्या पोटात असल्यापासून ऐकतोय. रस्त्यापलीकडे उसाचा फड होता आणि त्याच्या कडेला दहा-बारा कोप्या. ती टोळी आमच्याकडची होती.

मी काही बोललो नाही. माझ्या पायाशी खारी स्टीलच्या भांड्यातलं पाणी पीत होती.

*

मी पाटोद्याचा. पाटोदा म्हटलं की लोकांना छत्रपती संभाजीनगरजवळचं ते आदर्श गाव आठवतं. ते नव्हे. आमचा पाटोदा बीड जिल्ह्यातला तालुका. बालाघाटचा डोंगर, सौताड्याचा धबधबा आणि धबधबा सोडला तर बाकी पाण्याची वानवा. दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली गावं रिकामी होतात. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. नवरा-बायको मिळून मोजायचं एकक एकच: एक कोयता. हिशोब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो.

माझे आई-आण्णा असेच एक कोयता होते. मी नोकरीला लागेपर्यंत.

लहानपणी त्यांच्याबरोबर जाणारा आणखी एक जीव होता. टिप्या. पांढरा, एका डोळ्याभोवती काळा डाग. आमच्याकडे तेव्हा बैलजोडी होती. आण्णा बैल घेऊन जायचे आणि कारखान्याच्या टायरगाडीला जुंपायचे. टिप्या राखणीला. आई-आण्णा पहाटे तीन-चारला फडावर गेले की मागे कोपीत भांडीकुंडी, पिठाचा डबा आणि ज्वारीचं पोतं राहायचं. कोपीला दार नसतं. पाचटाचं छप्पर आणि वर ताडपत्री. दार म्हणजे टिप्या.

आणि मी? मी गावी, आजीजवळ, शाळेसाठी.

निघायच्या दिवशी दरवर्षी मी एकच गोष्ट बघायचो. आण्णा टिप्याला उचलून गाडीत चढवायचे आणि मला खाली उतरवायचे. सहा-सात वर्षांच्या पोराला त्यातून जो अर्थ लागायचा तोच मला लागला: ह्यांना कुत्रं पाहिजे, मी नको. एकदा मी टिप्याला दगड मारला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता कळतं, की उलटं होतं. टिप्याला नेत होते कारण त्याचा उपयोग होता. मला ठेवत होते कारण माझा उपयोग करून घ्यायचा नव्हता. ज्या पोरांना नेलं ती फडावर मोळ्या बांधायला लागली, धाकट्या भावंडांना सांभाळायला लागली आणि त्यांची शाळा सुटली. आज संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारी वसतिगृहांची योजना आहे, २०२१ पासून. आमच्या वेळी योजना म्हणजे आजी. ती होती म्हणून मी इंजिनिअर झालो.

म्हणजे सोबत नेणं हे प्रेमच असतं असं नाही, आणि मागे ठेवणं हे टाकून देणंच असतं असंही नाही. आपल्या प्रत्येक ट्रिपच्या फोटोत कुत्रा असतो आणि खाली कॅप्शन असतं की हा आमचा फॅमिली मेंबर. त्याला यायचं होतं का, हे कुणी विचारलेलं नसतं. विचारताच येत नाही. ज्याला विचारता येत नाही त्याच्या वतीने आपण ठरवतो, तेव्हा त्याचं काय देणं लागतो? हा प्रश्न मला त्या रात्री कॅम्पवर पडला होता आणि त्याला कारण होतं.

ती ट्रिप नुसती ट्रिप नव्हती. नोव्हेंबरात मला जर्मनीचं ऑनसाइट आलं होतं. दोन वर्षं, म्युनिक, १ मार्चला रुजू व्हायचं. सोबतच्या दोघांपैकी एक मित्र खारीला ठेवून घ्यायला तयार होता. दोन दिवस ती त्याच्याशी कशी राहते, हे बघायला आम्ही आलो होतो. म्हणजे ती ट्रायल होती आणि खारीला ते माहीत नव्हतं. ती आपली धरणाचा वारा खात आनंदात होती.

*

चाकांवर राहणं ही गोष्ट आपल्याकडे दोन नावांनी चालते. एकाचं नाव पर्यटन, दुसऱ्याचं स्थलांतर.

२०२१ च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं धोरण आहे. गाडी उभी करायच्या जागेला कॅराव्हॅन पार्क म्हणायचं आणि तिथे पाणी, वीज, रस्ता, स्वच्छतागृह हव्यात, असं त्यात आहे. दोन रात्रींसाठी थांबणाऱ्या माणसाला काय काय लागतं, याचा कुणीतरी बसून विचार केलाय. मी त्या रात्री ही यादी मनात म्हटली आणि रस्त्यापलीकडे बघितलं. तिथे पाच-सहा महिने थांबणारी माणसं होती. पाणी टँकरचं, आलं तर. वीज नाही. स्वच्छतागृह म्हणजे अंधार, तोही पहाटेच्या आधीचा. माझी आई आयुष्यातली वीस वर्षं त्या अंधाराच्या वेळापत्रकावर जगली.

ऊसतोड कामगारांसाठी काहीच नाही, असं मी म्हणत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे, योजना आहेत. पण धरणाच्या एकाच काठावर, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन मुक्काम होते, आणि त्यातल्या एकाच मुक्कामाला ‘पार्क’ म्हणायचं सुचतं, ही गोष्ट मला झोपू देईना.

‘नोमॅडलँड’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. क्लोई झाओचा सिनेमा, २०२१ मध्ये ऑस्कर मिळालेला. त्याच्या मुळाशी जेसिका ब्रुडर या पत्रकाराचं २०१७ चं पुस्तक आहे. घर परवडत नाही म्हणून म्हातारपणी व्हॅनमध्ये राहणारी, हंगामी कामांच्या मागे देशभर फिरणारी अमेरिकन माणसं त्यात आहेत. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा एका ठिकाणी पॉज केला होता. ती माणसं शुगर बीटच्या हंगामाला जातात. शुगर बीट, म्हणजे साखरेचंच पीक. जगाच्या दुसऱ्या टोकालाही साखर गोड करायला कुणीतरी घर सोडून, चाकांवर बसून जातंय. त्याच सिनेमात एक कुत्रा आहे. त्याचा माणूस नाही, तो पार्कात मागे राहिलाय. फर्नला विचारतात, घेतेस का? ती त्याला कुरवाळते आणि तिथेच सोडून जाते. बहुतेकांना तो सीन आठवत नाही. मला तेवढाच आठवतो.

कारण टिप्याचंही तेच झालं.

२००९ चा हंगाम. त्याआधी एक वर्ष आण्णांनी बैल विकले होते आणि ते ट्रॅक्टरवाल्या टोळीत गेले होते. सांगलीच्या खाली, कर्नाटकच्या हद्दीजवळ. पाडव्याला टोळी परत आली. ट्रॉलीतून आई उतरली, आण्णा उतरले, पोती उतरली. टिप्या उतरला नाही. मी विचारलं. आई म्हणाली, “जागा नव्हती बाळा.” मी बारा वर्षांचा होतो. त्यावर पुन्हा घरात कुणी काही बोललं नाही. दगड मारलेला मीच, त्यामुळे मला रडायचाही हक्क नव्हता असं वाटलं.

*

त्या रात्री मित्र झोपल्यावर मी आण्णांना फोन लावला. आमच्याकडे दहा म्हणजे मध्यरात्र, पण आण्णांना अजूनही पहाटे तीनला जाग येते आणि रात्री उशिरापर्यंत झोप लागत नाही.

“आण्णा, टिप्याला त्या साली का नाही आणलं?”

बराच वेळ काही नाही. मला वाटलं, रेंज गेली.

“आज कसं काय आठवलं?”

“असंच.”

“जागा व्हती,” आण्णा म्हणाले.

“ट्रॉलीत?”

“पोत्यांवर बसला असता की. ड्रायव्हर कावला व्हता, मुकादम शिव्या घालीत व्हता, तीन कोयत्यांची उचल फिटली नव्हती म्हणून. म्हणलं, आता ह्यात कुत्र्यासाठी कुठं तोंड वासावं. म्या मागितलीच न्हाई जागा.”

“तुम्ही मागितली असती तरी ते नाहीच म्हणाले असते, आण्णा.”

“म्हणले असते. मंग ते त्यांच्यावर गेलं असतं. मागितली न्हाई, म्हणून ते माझ्यावर हाय.”

मी गप्प. मग ते म्हणाले, “वढ्यापर्यंत पळत आला. म्या मागं बघितलं न्हाई. तुझी आय बघत व्हती.” आणि त्यांनी विचारलं, खारी बरी आहे का.

पंधरा वर्षांहून जास्त काळ मी आण्णांसाठी एक बचाव तयार ठेवला होता. गरिबी, उचल, मुकादम, व्यवस्था. तो बचाव खोटा नाही. पण आण्णांनी तो घेतला नाही. स्वतःच्या वाट्याचं त्यांनी अगदी अचूक मोजून ठेवलं होतं. मुकादमाचं मुकादमाकडे, ड्रायव्हरचं ड्रायव्हरकडे आणि न मागण्याचं स्वतःकडे.

महाभारताचं सतरावं पर्व महाप्रस्थानिक. पांडव हिमालयाकडे निघतात, एक कुत्रा मागे मागे येतो. द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर चालत राहतो. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही. इंद्र त्याला बरोबर पेचात धरतो: भाऊ सोडलेस, बायको सोडलीस, मग कुत्र्याचं एवढं काय? युधिष्ठिराचं उत्तर असं, की ते गेले होते, जिवंत असताना मी कुणाला टाकलं नाही.

ही गोष्ट लहानपणी आजीने सांगितली तेव्हा युधिष्ठिर मोठा वाटला होता. आता मला दिसतं, की त्याच्यापुढे स्वर्गाचा रथ होता. नको म्हटलं असतं तरी तो तिथेच डोंगरावर धर्मराज म्हणूनच उभा राहिला असता. आण्णांपुढे ऊसवाहतुकीची ट्रॉली होती. ती सुटली असती तर परक्या मुलखात, खिशात पैसे नसताना, आईला घेऊन ते कुठे उभे राहिले असते? एकच परीक्षा दोघांना देऊन एकाला पास आणि एकाला नापास करणं मला मान्य नाही. जागा मागण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

आण्णांच्या हिशोबात मला एवढीच भर घालावीशी वाटते. जबाबदारी न मागणाऱ्यावर जाते हे खरं, पण मागणं त्याला किती महाग होतं, हेही त्यात धरायला हवं. आण्णांना ते फार महाग होतं. तरी ते स्वतःला सोडत नाहीत. फाटकाशी आलेल्या बाईलाही ते महाग होतं, तरी तिने मागितलं आणि अपमान घेऊन परत गेली.

आणि मला? मी त्या कॅम्पचा पैसे भरलेला गिऱ्हाईक होतो. मी खुर्चीतून उठून नुसतं ‘अहो, भरू द्या की’ म्हटलं असतं, तर मला काय पडलं असतं? काही नाही. रिव्ह्यूच्या एका स्टारला भिणारी ती जागा. संध्याकाळभर त्या फाटकाशी सगळ्यात स्वस्तात मागू शकणारा माणूस मी होतो आणि मीच गप्प बसलो.

त्या रात्री मला एवढं कळलं: ज्याला मागणं स्वस्त पडतं, त्याने मागायचं असतं. स्वतःसाठी तर आपण मागतोच. माझे चार प्रश्न बघा. ज्याला महाग पडतं त्याच्यासाठी आणि ज्याला मागताच येत नाही त्याच्यासाठी मागायचं. मिळेलच असं नाही. पण ‘जागा नव्हती’ हे वाक्य जागा मागून झाल्याशिवाय बोलायचा आपल्याला हक्क नाही.

*

सकाळी मी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, “साहेब, माझी नोकरी जाईल.” त्याच्यासाठीही ते महाग होतं. त्याच्याकडून मालकांचा नंबर घेऊन फोन केला. ते म्हणाले, एकाला दिलं की सगळी टोळी येते, तुम्ही समजून घ्या सर. नाही म्हणाले. आण्णांच्या हिशोबाने आता ते त्यांच्यावर गेलं होतं. पण मला हलकं वाटलं नाही.

आमच्या गाडीची टाकी भरलेली होती. तिचे पैसे आम्ही भरले होते. मित्रांना सांगितलं, आज आंघोळी राहू देत. गाडी रस्त्यापलीकडे नेली आणि कोप्यांपुढे नळ सोडला. घागरी, कळश्या, रंगाचा एक डबा. पोराचा ताप उतरला होता. त्या मावशींनी विचारलं, “कुठलं गाव म्हणायचं?” मी सांगितलं. त्यांचं गाव आमच्यापासून सात-आठ किलोमीटर.

“मंग तुमी हितं कसं?” त्यांनी गाडीकडे बघून विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. तिथली एक काळी कुत्री खारीजवळ आली, दोघींनी एकमेकींना हुंगलं. तिच्या गळ्यात साडीच्या काठाची दोरी होती. मावशी म्हणाल्या, राखणीला आणलीय.

टाकी पंधरा मिनिटांत रिकामी झाली. एका सकाळचं पाणी. दुसऱ्या दिवशी मी नव्हतो आणि टँकर आला की नाही, मला माहीत नाही. ह्याला मदत म्हणायची माझी हिंमत नाही. कॅराव्हॅन पार्कची ती यादी कोप्यांच्या मुक्कामालाही लागू व्हावी, हे मागणं एका टाकीने फिटत नाही. ते सरकारकडे, कारखान्यांकडे मागायचं आहे, आणि ते मागणं माझ्यासारख्याला अजून तरी स्वस्त आहे. मी पाटोद्याचा आहे आणि माझ्यावर कुणाची उचल नाही.

पुण्यात परतल्यावर मी दोन गोष्टी शोधल्या. भारतातून जर्मनीत कुत्रा नेता येतो. आधी चिप बसवायची, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची चाचणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे चार महिने. १ मार्च जमत नाही. दुसरी गोष्ट शोधायला नेट लागलं नाही: ‘रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येईल का’ हे मी ऑफिसात कुणालाच विचारलं नव्हतं. मित्रांना मात्र महिनाभर सांगत फिरत होतो, की काय करणार, खारीला नेणं शक्यच नाही.

तिला न्यावं की नाही, ह्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. विमानाच्या पोटात, पिंजऱ्यात इतके तास आणि पुढे चौथ्या मजल्यावर थंडीत, माझ्या एकटेपणाची राखण करत. ती टिप्याचीच नोकरी झाली. कदाचित मित्राकडे, ओळखीच्या टपरीजवळ राहणंच तिच्या भल्याचं असेल, जसं माझं आजीजवळ राहणं होतं. ते मला तिच्याकडे बघून ठरवावं लागेल, माझ्या सोयीकडे बघून नाही. पण ठरवायचं असेल तर दोन्ही दारं उघडी हवीत.

सोमवारी मी मॅनेजरला मेल केला. विषय: रुजू होण्याची तारीख जूनपर्यंत पुढे नेण्याबाबत. कारणाच्या ओळीत आधी ‘वैयक्तिक’ लिहिलं होतं. मग ते खोडून ‘माझी कुत्री’ असं लिहिलं.

दुपारी आण्णांचा फोन आला. मी सांगितलं, मागितलंय. ते म्हणाले, “काय म्हणले?”

“अजून काही नाही.”

“बरं,” आण्णा म्हणाले. “मागितलंस ना.”